जुनी गाडी, अनोळखी माणूस: पैसे कधी टाकायचे आणि कुणाच्या खात्यात?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकला पण मुद्दे परत एकदा डोळ्यांखालून घालायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले "अं" आणि "म्हणजे कसं" काढून टाकलेत.

आजचा विषय आहे मोबाईलवर पाहिलेली जुनी गाडी. गाडी कशी निवडायची, इंजिनचा आवाज कसा ओळखायचा, ते आज नाही. आज फक्त पैशांबद्दल बोलू. विकणारा अनोळखी आहे, रक्कम दोन-तीन लाखांची आहे. मग पैसे कधी द्यायचे, कसे द्यायचे आणि नेमके कुणाला द्यायचे?

मी मूळचा चांदूर रेल्वेचा. बी.टेक. करून आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. सोयाबीन विकलं गेलं, कापसाचे दोन वेचे झाले की गावाकडून फोन सुरू होतात. "भाऊ, एक गाडी पाह्यली मोबाईलवर. फोटो टाकतो, सांग मले कशी आहे ते." फोटोत गाडी चकाचक असते आणि किंमत ऐकून मलाच दचकायला होतं. तेव्हा मी एकच विचारतो, "पैसे तर नाही ना टाकले अजून?"

आधी हमी कोण द्यायचं?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे जुनी गाडी कशी घ्यायचे, आठवा. गॅरेजवाला सांगायचा, "धामणगावात एकाची ओम्नी निघाली आहे." विकणारा कुणाचा तरी साडभाऊ किंवा कुणाचा तरी वर्गमित्र असायचा. पैसे बहुतेक वेळा रोख, सही एखाद्या कागदावर, आणि कधीकधी तर आरसी पुढच्या पोळ्यापर्यंत जुन्याच नावावर. तरीही काम चालायचं, कारण विकणारा कुठे पळून जाणार? तिवसा, नांदगाव खंडेश्वर, धामणगाव, फिरून फिरून तो इथंच भेटणार. ओळखीचं हे जाळं हीच हमी होती.

आता फोनवर पुण्याची एमएच १२ दिसते, नागपूरची एमएच ३१ दिसते, अगदी दिल्लीचीही दिसते. निवड वाढली, भाव पडताळून पाहता येतो, दलालाचं कमिशन वाचतं. या चांगल्याच गोष्टी आहेत. मोबाईलवरून गाडी घेऊ नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः घेतली आहे. पण ओळखीची हमी गेली, तर तिच्या जागी दुसरं काहीतरी यायला हवं. ते दुसरं म्हणजे व्यवहाराचा क्रम. आधी काय, मग काय, शेवटी काय, हे ठरलेलं असलं की माणूस ओळखीचा नसला तरी चालतो.

पैसा सेकंदात जातो, मालकी आठवड्यांत येते

आमच्या डेटाबेसच्या कामात एक साधा नियम असतो. दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतील तर एकतर दोन्ही पूर्ण होतात, नाहीतर दोन्ही रद्द होतात. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा झाले नाहीत, असं अर्धवट राहू द्यायचं नाही.

किराणा दुकानात हे आपोआप घडतं. एका हातानं पैसे, दुसऱ्या हातानं साखर. गाडीच्या बाबतीत तसं घडत नाही. यूपीआय किंवा आयएमपीएसचे पैसे काही सेकंदांत समोरच्याच्या खात्यात पडतात. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या गटानं जातं. आरटीजीएसही २०२० च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालू असतं. आणि गेलेला पैसा मागे घ्यायचं बटण यातल्या कशातच नाही.

मालकीचं मात्र वेगळं. विकणाऱ्यानं फॉर्म २९ आणि दोघांनी फॉर्म ३० भरायचा. आरटीओचे एजंट यांना 'टीटीओचे फॉर्म' म्हणतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मग अर्ज तपासला जातो, नाव चढतं, नवीन आरसी येते.

म्हणजे पैसा सेकंदात आणि मालकी काही आठवड्यांत. मधला जो काळ आहे, सगळी फसवणूक तिथं राहते. सुरक्षित पेमेंट म्हणजे काही खास ॲप नव्हे. हा मधला काळ जितका लहान करता येईल तितका करायचा, आणि तो चालू असताना आपली कमीत कमी रक्कम अडकलेली ठेवायची. आज सांगायची गोष्ट एवढीच. बाकी सगळं यातूनच निघतं.

आणखी एक कायद्याची बाजू समजून घ्या. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे की तुमच्या परवानगीशिवाय, त्रयस्थानं तुमच्या खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. बरेच जण याच भरवशावर असतात. पण तुम्ही स्वतः पिन टाकून, स्वतः 'पे' दाबून पाठवलेले पैसे? ते बँकेच्या लेखी तुमच्या परवानगीनंच गेलेले असतात. समोरचा खोटं बोलला हे खरं, पण व्यवहार तुम्ही केला. म्हणून इथं काळजी आधी घ्यायची, नंतर नाही.

पहिला सापळा: गणवेशातला विक्रेता

माझ्या ओळखीतल्या एका मुलानं मोबाईलवर एक स्विफ्ट पाहिली. किंमत १ लाख ७० हजार. तशाच गाड्या अमरावतीत तीन-साडेतीन लाखांच्या खाली मिळत नव्हत्या. विकणारा म्हणाला, "मी सैन्यात आहे, बदली झाली, गाडी नेता येत नाही." सोबत ओळखपत्राचा फोटो, कँटीनचं कार्ड, गणवेशातला फोटो. गाडी आर्मीच्या ट्रान्सपोर्टनं घरपोच येणार होती. फक्त आधी ५,१०० रुपये नोंदणीचे. मग गेटपाससाठी ११,९००, हे परत मिळणारे. मग जीएसटीचे ९,०००. मग "गाडी नागपूरपर्यंत आली आहे, विम्याचे १२,००० टाका." एकूण ३८,००० रुपये गेले. गाडी आलीच नाही, कारण ती कधी नव्हतीच.

ही एकट्याची गोष्ट नाही. सैनिक किंवा सीआयएसएफ जवान असल्याचं सांगून गाड्या 'विकणं' हा देशभर चाललेला जुना प्रकार आहे. राजस्थानातलं भरतपूर, हरियाणातलं नूह म्हणजे मेवात, उत्तर प्रदेशातलं मथुरा, या पट्ट्यातल्या टोळ्यांची नावं यात वारंवार आली. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी सुमारे ५,००० पोलीस घेऊन नूहमधल्या १४ गावांवर एकाच रात्री छापे घातले. ऑनलाइन जाहिरातीत स्वस्त गाडी, बाईक, मोबाईल दाखवायचा आणि मग कुरिअरचा, ट्रान्सपोर्टचा खर्च म्हणून पैसे उकळायचे, हा तिथल्या टोळ्यांचा एक धंदा होता.

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. अमेरिकेत एफबीआयनं २०११ मध्येच असा इशारा दिला होता. तिथंही विकणारा सांगायचा की सैन्यात पोस्टिंग झालंय म्हणून गाडी स्वस्तात काढतोय. तिथं तर नावाजलेल्या कंपनीच्या 'खरेदीदार संरक्षण योजने'चं खोटं पत्रही पाठवायचे. पैसे मध्यस्थाकडं सुरक्षित राहतील, गाडी पसंत पडली तरच सोडू, असं लिहिलेलं. मध्यस्थही त्यांचाच. म्हणून व्हॉट्सॲपवर कुणी 'सेफ पेमेंट'ची लिंक पाठवली तर समजून जा.

गणवेशच का? आपल्या घराघरांतून पोरं भरतीला जातात, पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. सैनिकावर शंका घ्यायची आपल्याला लाज वाटते. ती लाजच ते वापरतात. आणि पहिली रक्कम मुद्दाम छोटी असते. पाच हजार गेले की माणूस ते वाचवण्यासाठी पुढचे बारा हजार टाकतो.

यावर नियम सोपा आहे. गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, हात लावल्याशिवाय एक रुपयाही नाही. टोकन नाही, 'रिफंडेबल' नाही, पेट्रोलचे नाहीत, काहीच नाही. अकोल्याला, नागपूरला जायचं तिकीट ३८,००० पेक्षा नक्कीच स्वस्त पडतं.

दुसरा सापळा: गाडी खरी, मालक खरा, तरी पैसे गेले

हा प्रकार जास्त हुशारीचा आहे, आणि "मी तर गाडी पाहूनच पैसे दिले" म्हणणारेही यात सापडतात.

समजा अकोल्याच्या एका खऱ्या माणसानं आपली गाडी ३ लाखांना जाहिरातीत टाकली. एक भामटा ते फोटो उचलतो आणि स्वतःच्या नावानं तीच गाडी २ लाख २० हजारांना टाकतो. तुम्ही भामट्याला फोन करता. तो म्हणतो, "गाडी माझ्या मोठ्या भावाकडं आहे, जाऊन पाहा. पण त्याच्यासमोर किमतीचं काही बोलू नका, आमचा आपसातला हिशोब आहे." तिकडं खऱ्या मालकाला तो सांगतो, "माझा माणूस गाडी पाहायला येतोय. मी त्याचं देणं लागतो, म्हणून गाडी मी घेऊन देतोय. किमतीचं त्याच्याशी बोलू नका, पैसे मीच टाकतो."

तुम्ही जाता. गाडी खरी, आरसी खरी, मालक खरा. चहा होतो. गाडी आवडते. मग भामट्याचा फोन येतो, "टाका पैसे या खात्यात." तुम्ही टाकता. मालक म्हणतो, "मले तर एक रुपया नाही आला बाप्पा." दोघं एकमेकांकडं बघत राहतात आणि तिसऱ्याचा फोन बंद. ब्राझीलमध्ये हा प्रकार इतका बोकाळला की त्याला 'मध्यस्थाचा डाव' असं नावच पडलं आहे.

इथं गाडी पाहणं पुरेसं ठरलं नाही. काय राहून गेलं? समोर उभा असलेला माणूस आणि पैसे जाणारं खातं, यांची गाठ घातली गेली नाही. म्हणून दुसरा नियम, आणि आजचा सगळ्यात महत्त्वाचा:

आरसीवरचं नाव, समोरच्या माणसाच्या आधार कार्डावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव, ही तिन्ही एकच हवीत. भावाचं खातं नाही, बायकोचं नाही, "माझं खातं फ्रीज आहे, मित्राच्या टाका" तर अजिबात नाही. आणि कुणी म्हणालं की समोरच्याशी किमतीचं बोलू नका, तर पहिल्यांदा किमतीचंच बोला. त्या एका प्रश्नात हा डाव मोडतो.

मालक वारला असेल तर? मग आधी वारसाच्या नावावर आरसी होऊ द्या, नंतर व्यवहार. विकणारा जुन्या गाड्यांचा डीलर असेल तर? एप्रिल २०२३ पासून अशा डीलरांना आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते मागा, आणि पैसे डीलरच्या वैयक्तिक खात्यात न टाकता फर्मच्या खात्यात टाका, पावती घ्या.

पैशांआधीचा अर्धा तास

गाडीचा नंबर मिळाला की एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहन खात्याच्या वेबसाइटवर टाका. मालकाचं नाव तिथं मधली अक्षरं झाकून दिसतं, पण जुळवायला तेवढं पुरतं. विमा कधीपर्यंत आहे, फिटनेस कधीपर्यंत आहे, गाडीवर लोन आहे का, तेही कळतं. ई-चलान वेगळं तपासा. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवा, फोटोशी नाही.

एक सावधगिरी. ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून घ्या. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' किंवा 'एम-परिवहन' नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका. ती तुमचे ओटीपीचे मेसेज वाचायला आलेली असते.

आरसीवर 'एचपी' चढलेली असेल, म्हणजे गाडीवर कर्ज असेल, तर सगळे पैसे मालकाला देऊ नका. त्याच्या बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र घ्यायला लावा. तेवढे पैसे थेट त्या कर्ज खात्यात भरा, उरलेले मालकाला. नंतर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र मिळालं की एचपी निघते. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका.

कोणत्या मार्गानं द्यायचे?

रोख: टाळा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं मना आहे आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. आज एक लाख, उद्या दीड लाख असे तुकडे केले तरी व्यवहार एकच धरतात. शिवाय रोख दिल्याचा पुरावा काय?

यूपीआय: इसार देण्यासाठी चांगलं. माणसाकडून माणसाला दिवसाला साधारण १ लाखापर्यंतच जातं. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर जे बँकेतलं नाव दिसतं ते वाचा. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. 'टोकन परत करतो, पिन टाका' म्हणणारा चोर असतो.

आयएमपीएस: बँकेच्या मर्यादेप्रमाणे ५ लाखांपर्यंत.

आरटीजीएस: २ लाख आणि त्यापुढच्या रकमेसाठी. इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नाही. आपण फॉर्मवर नाव आणि खाते क्रमांक दोन्ही लिहितो, पण वर्षानुवर्षं पैसे जमा व्हायचे ते फक्त क्रमांक पाहून. नाव वेगळं असलं तरी जायचे. रिझर्व्ह बँकेनं बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत अशी सोय द्यायला सांगितली की क्रमांक आणि आयएफएससी टाकला की पाठवण्याआधीच खातेदाराचं नाव दिसेल. मोबाईल बँकिंगमध्येही आणि शाखेतही. ही सोय वापरा. नाव जुळलं नाही तर तिथंच थांबा.

डिमांड ड्राफ्ट: जुना वाटतो, पण विकणाऱ्याच्या नावाचा ड्राफ्ट सहीच्या क्षणापर्यंत आपल्याच हातात राहतो, हा त्याचा फायदा. विकणाऱ्याला तो खरा आहे का ही शंका येणारच, म्हणून त्याच्या बँकेत बसूनच द्यावा.

आम्ही कसं केलं

मागच्या हिवाळ्यात बाबांसाठी वॅगन आर घेतली. जाहिरात मोबाईलवर पाहिलेली, विकणारे अकोल्याचे निवृत्त शिक्षक, सौदा २ लाख ८५ हजारांना ठरला. पूर्ण अनोळखी. क्रम असा ठेवला.

पहिल्या भेटीत गाडी चालवून पाहिली, आरसी, आधार आणि चेसिस नंबर जुळवले. मग मी त्यांना यूपीआयनं १७ रुपये पाठवले आणि विचारलं, "सर, किती आले?" त्यांनी चष्मा लावून मेसेज वाचला, "सतरा." रक्कम मी आधी सांगितली नव्हती. म्हणजे खातं याच माणसाचं, याच फोनला जोडलेलं. मग उरलेले ४,९८३ टाकले. इसार ५,००० झाला. इसार पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, कधीपर्यंत व्यवहार पूर्ण करायचा आणि कागदात काही खोट निघाली तर इसार परत, एवढं लिहून दोघांच्या सह्या.

त्याच दिवशी त्यांचं खातं मी माझ्या बँकिंग ॲपमध्ये जोडून ठेवलं. कारण बऱ्याच बँकांत नवीन नाव जोडल्यावर काही तास, कुठं पूर्ण दिवस, मोठी रक्कम जात नाही. ऐन वेळी हे लक्षात आलं की मग घाईत 'दुसऱ्या कुणाच्या खात्यातून' सुरू होतं.

दुसऱ्या भेटीत त्यांच्या बँकेच्या शाखेत बसलो. बाबा कंटाळले होते. "माणूस चांगला दिसते ना, मंग कायले येवढी भानगड?" म्हणाले. सरच त्यांना म्हणाले, "असू द्या हो. पैसे आल्याबिगर मीही चाबी देनार नाही, मंग पोरानं कागद पाह्यले तर काय झालं?" अगदी बरोबर. भीती दोन्हीकडं असते.

आधी फॉर्म २९, फॉर्म ३० आणि विक्रीच्या करारावर त्यांच्या सह्या. कागद आणि चाबी टेबलावर, त्यांच्याच समोर. मग मी २ लाख ६० हजार आरटीजीएस केले. काउंटरवर त्यांनी खात्यात जमा झाल्याचं पाहिलं. माझ्या फोनवरचा स्क्रीनशॉट नव्हे, स्वतःचं खातं. विकणाऱ्यांनो, तुम्हीही हेच करा, खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप्स फिरत असतात. जमा दिसल्यावर मूळ आरसी, विमा, दोन्ही चाब्या आणि सही केलेले फॉर्म माझ्याकडं आले. डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ लिहिली. त्या वेळेनंतरचं चलान माझं.

उरलेले २० हजार मी नाव चढेपर्यंत राखून ठेवले. सरांना ते पटेना. साहजिक आहे. मग मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल सांगितला. त्यात गाडी दोन-तीन हातांतून पुढं गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. म्हणजे नाव लवकर बदलणं ही विकणाऱ्याचीही गरज आहे. मग ४५ दिवसांची मुदत करारात लिहिली आणि ते तयार झाले. एम-परिवहनवर बाबांचं नाव दिसलं त्याच संध्याकाळी २० हजार पाठवले. विमाही १४ दिवसांच्या आत बाबांच्या नावावर करायला अर्ज दिला, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा करताना अडचण येते.

या सगळ्यात कधीही आमची मोठी रक्कम आणि त्यांची गाडी एकाच बाजूला गेली नाही. व्यवहाराला जास्तीचे तीन तास लागले असतील.

आणि पैसे गेलेच असतील तर

त्या ३८,००० वाल्या मुलाकडं परत येऊ. त्यानं दोन दिवस घरी कुणाला सांगितलं नाही. सोयाबीनचे पैसे होते, वडील काय म्हणतील, गावात काय म्हणतील. ते दोन दिवस पैशांपेक्षा महाग पडले.

कारण असं आहे. चोरलेला पैसा एका खात्यात थांबत नाही. भाड्यानं घेतलेल्या दुसऱ्याच्या खात्यांतून तो पुढं पुढं सरकतो आणि शेवटी एटीएममधून निघतो. तुम्ही १९३० वर फोन केला की तक्रार केंद्रीय यंत्रणेत जाते आणि पैसा ज्या बँकेत पोचला असेल तिथं अडवायचा प्रयत्न होतो. २०२१ पासून ही व्यवस्था चालू आहे. पैसा साखळीत असेपर्यंतच अडवता येतो, म्हणून इथं हिशोब मिनिटांचा आहे.

तर पहिलं काम, १९३०. फोन लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ, समोरचं खातं किंवा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. लगेच स्वतःच्या बँकेला कळवा. चॅट, जाहिरात, ओळखपत्राचा फोटो, काहीच डिलीट करू नका. मग जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. आणि "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी भरा" असा फोन आला, तर तो दुसरा चोर आहे.

घरात असं कुणासोबत घडलं तर पहिल्या तासात त्याला रागावू नका. "इतकं शिकून असा कसा फसला?" हे उद्या विचारा. आज १९३० लावा. तुम्ही रागावणार हे त्याला माहीत असतं, म्हणूनच तो सांगत नाही.

शेवटी उजळणी, फोनमध्ये जपून ठेवा. गाडी पाहिल्याशिवाय रुपया नाही. आरसी, आधार आणि खातं, नाव एकच. आधी छोटी रक्कम पाठवून समोरच्याच्या तोंडून वदवून घ्या. सह्या झाल्या, मग पैसे. पैसे दिसले, मग चाबी. नाव चढेपर्यंत थोडे राखून. आणि विकणारा घाई करत असेल, "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणत असेल, तर त्याला खुशाल दुसऱ्याला विकू द्या. जुन्या गाड्या भरपूर आहेत. पुढच्या हंगामातही मिळतील.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर हा भाग घरातल्या मोठ्यांनाही ऐकवा, विशेषतः तो पिनचा मुद्दा.